अंगणातली पाणपोई

कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला लोक सहसा दोनच प्रश्न विचारतात. अंडी किती मिळतात, हा पहिला आणि खायला काय घालता, हा दुसरा. पाणी कशात ठेवता, असे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. वास्तविक अंडे म्हणजे पुष्कळ अंशी पाणीच असते. टरफल बाजूला ठेवले तर आत जे उरते त्यातला तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा. कोंबडी दिवसाकाठी शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा खाते आणि त्याच्या दुप्पट वजनाचे पाणी पिते. उन्हाळ्यात हे प्रमाण आणखी वाढते. तिला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथीच तिला नाहीत. उकाडा वाढला की चोच उघडून, गळा थरथरवत ती धापा टाकते आणि त्या धापांतून तिच्या अंगातले पाणी उडून जाते. दाण्यावाचून ती काही दिवस तग धरील. पाण्यावाचून एक दिवस गेला तरी अंडी थांबतात आणि पुन्हा सुरू व्हायला कित्येक दिवस लागतात. एवढे असूनही खुराड्याचा विचार करताना माणसे जाळी, छप्पर, दाणा यांचा हिशेब मांडतात आणि पाण्यासाठी घरातले जे भांडे निकामी झाले असेल ते उचलून ठेवतात.

मी हेब्बाळला राहते. एके काळी हे बंगळूरबाहेरचे गाव होते. आता विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याने आणि २००३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या उड्डाणपुलाने त्याला शहराच्या पोटात ओढून घेतले आहे. हेब्बाळ म्हटले की लोकांना एकतर तो पूल आठवतो, नाहीतर तळे. तळे केंपेगौडाच्या काळचे, म्हणजे सोळाव्या शतकातले मानतात. गाव मात्र त्याहून पुष्कळ जुने आहे. २०१८ मध्ये इथे एक वीरगळ उजेडात आला. गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला, सुमारे इ. स. ७५० चा. त्यावर या परिसराचे नाव ‘पेर्बोळल नाडू’ असे कोरलेले आहे. जुन्या कन्नडातल्या पकाराचा पुढे हकार झाला. दुधाला ‘पालु’ म्हणत ते ‘हालु’ म्हणू लागले. त्याच वाटेने पेर्बोळल झिजत झिजत हेब्बाळ झाले. शब्दसुद्धा वाहत्या पाण्यातल्या गोट्यांसारखे गुळगुळीत होत जातात, हे मला या नावाने शिकवले.

मराठी माणसाला हे शहर परके नाही. १६३८ च्या मोहिमेनंतर शहाजीराजांना इथली जहागीर मिळाली आणि तेव्हापासून मराठी बोलणारी घरे इथे नांदत आली. तरी नव्याने आलेल्याची गंमत व्हायची ती होतेच. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात शेजारच्या आजींनी, इथल्या भाषेत अज्जींनी, भिंतीवरून विचारले, “कोळी इदेया?” माझ्या डोळ्यांसमोर खांद्यावर जाळे टाकलेला कोळी उभा राहिला. कन्नडमध्ये ‘कोळी’ म्हणजे कोंबडी, हे त्यांनी पंख हलवल्यासारखे हात हलवून सांगितले. पाण्याला ‘नीरु’ म्हणतात, ते मात्र कोणी सांगायची गरज पडली नाही. आमच्या दोघींच्या भाषांत पहिला समाईक शब्द सापडला तो पाण्याचा.

कोंबड्या पाळाव्यात असे मनात येण्याला हेब्बाळचाही हात आहे. १८९९ मध्ये म्हैसूर संस्थानाने इथे तीस एकरांवर शेतीचे प्रयोगक्षेत्र सुरू केले. त्यातूनच पुढे कृषी महाविद्यालय आणि १९६४ साली कृषी विद्यापीठ उभे राहिले. पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ चे. त्याच्या कुक्कुटशास्त्र विभागात तयार झालेली ‘गिरिराजा’ ही परसातली कोंबडी महाराष्ट्रातही पुष्कळांनी पाळली आहे. माझ्याकडे आठ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यांना एरवी दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी लागते, एप्रिलमध्ये चार-पाच.

पहिले भांडे अर्थातच मातीचे होते. बेन्सन टाउनजवळ कुंभारांची जुनी वसाहत आहे, ‘पॉटरी टाउन’ या नावाने ती ओळखली जाते. तिथून एक रुंद तोंडाचा परळ आणला. कोल्हापूरकडे आमच्या आजोळी कोंबड्यांना पाणी परळातच असे. नाहीतर नारळाच्या करवंटीत. मातीच्या भांड्याचा मोठा गुण म्हणजे त्यातले पाणी गार राहते. भांड्याच्या अंगातून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. कोंबडीला कोमट पाणी आवडत नाही. पाणी तापले की ती कमी पिते आणि नेमके जेव्हा अधिक प्यायला हवे तेव्हाच तिचे पिणे घटते. म्हणून उन्हाळ्यात परळाला पर्याय नाही. पण ज्या सच्छिद्रपणाने तो पाणी गार ठेवतो, त्याच सच्छिद्रपणात शेवाळ आणि घाण मुरते. वरून कितीही घासा, भोकाभोकांत काहीतरी राहतेच. मातीचे भांडे वापरायचे तर दोन हवीत, एक वापरात आणि एक उन्हात.

परळाचा दुसरा दोष कोंबडीच्या स्वभावातला आहे. उघडे भांडे दिसले की ती काठावर चढते, आत पाय घालते, शेजारी उकरून पाण्यात माती उडवते आणि काठावर बसून शिटते. सकाळी सातला भरलेले निर्मळ पाणी नऊ वाजता डबक्यासारखे होते. म्हणून परळ जमिनीवर ठेवू नये. त्याखाली विटा रचाव्यात आणि भांड्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणावा. त्या उंचीवर तिला मान वर करून नीट पिता येते, पण उकरलेली माती पोचत नाही. पिल्ले वाढतील तशी वीट वाढवत जायची. एक दिवसाच्या पिल्लांसाठी मात्र भांडे उथळच हवे. त्यात स्वच्छ धुतलेले गोटे घालून ठेवावे लागतात, कारण बोटभर पाण्यातही पिल्लू बुडते किंवा भिजून गारठते. आमच्याकडे नव्या पिल्लांना पहिल्या दिवशी गुळाचे पाणी देतात. एकेका पिल्लाची चोच हलकेच पाण्यात बुडवायची. एकाला कळले की बाकीची त्याचे पाहून शिकतात.

पत्र्याचे घमेले टिकाऊ, पण उन्हात तापते आणि जस्ताचा मुलामा असेल तर त्यात आंबट काही घालून चालत नाही. काही लोक पाण्यात थोडा सिरका घालतात. आम्लाने जस्त पाण्यात उतरते आणि ते पक्ष्यांना बाधते. दगडी डोण फार देखणी. जुन्या विहिरींच्या कडेला गुरांसाठी असे, तशी. पण ती उलटी करून ओतता येत नाही आणि जे भांडे रोज पालथे करता येत नाही ते कोंबड्यांच्या कामाचे नाही, असे माझे मत पक्के झाले आहे.

शेवटी बाजारातला उलटा ड्रिंकर घरात आला. दुकानदार त्याला ड्रिंकरच म्हणतो. वरती बुधल्यासारखे भांडे, खाली त्याला फिरवून बसणारी थाळी. वरचे भांडे भरायचे, थाळी लावायची आणि उलटे करायचे. पाणी थाळीत उतरते, काठाजवळचे छिद्र झाकले जाईपर्यंत येते आणि थांबते. पक्षी पितात, पातळी खाली जाते, छिद्र उघडे पडते, हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि तेवढेच पाणी बाहेर येते. थाळीवर दाबून बसलेल्या हवेच्या वजनाने आतले पाणी तोललेले असते. तोरिचेलीने सतराव्या शतकात पाऱ्याच्या नळीवर जे दाखवले, ते माझ्या परसात नऊ पक्षी दिवसभर पडताळून पाहतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच आहे, इथली हवा थोडी विरळ. तरी तिचे वजन नऊ मीटर उंचीचे पाणी तोलू शकते. हातभर उंचीच्या बुधल्याची तिला काय मातब्बरी! घरच्या घरीही हे करता येते: जुनी बरणी, तोंडाजवळ एक छिद्र आणि खोलगट ताट. अट एवढीच, की छिद्र ताटाच्या काठाहून खाली असले पाहिजे. नाहीतर सगळे पाणी वाहून जाईल.

या साधनालाही त्याचे नखरे आहेत. जमीन कलती असेल तर एका बाजूने पाणी सांडत राहते. ऊन थेट पडले तर आतली हवा फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. सांडलेल्या पाण्याने खालचे भाताचे तूस ओले होते आणि ओले तूस म्हणजे रक्ती हगवणीच्या जंतूंचे माहेरघर. पारदर्शक बुधल्यात पाणी किती उरले ते दिसते, पण उजेडही आत जातो आणि चार दिवसांत हिरवा थर धरतो. अपारदर्शक भांड्यात शेवाळ धरत नाही, तर पाणी संपल्याचे उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक भांडे काहीतरी देते आणि त्याच्या बदल्यात काहीतरी मागते. माणसाने काय मागून घ्यावे आणि काय सोसावे, एवढेच ठरवायचे असते. मी अपारदर्शक घेतला आणि रोज सकाळी तो उचलून पाहते.

एका ड्रिंकरने भागत नाही, हे कोंबड्यांकडे तासभर पाहिल्यावर ध्यानात येते. कळपात कोण कोणाला चोच मारू शकते याची एक उतरंड असते. नॉर्वेच्या शेल्डेरुप-एबे या अभ्यासकाने १९२० च्या सुमारास ती प्रथम शास्त्रीय रीतीने मांडली. दाणा पसरून टाकता येतो. पाणी एका जागी असते. म्हणून उतरंडीतल्या शेवटच्या कोंबडीवर अन्याय व्हायचा तो पाण्यापाशी. माझ्याकडे एक करडी तलंग आहे. पाण्याजवळ गेली की मोठी काळी तिला हुसकावी आणि ती लांब उभी राहून इतरांचे पिणे पाही. भांड्याला काही दोष नव्हता, पाणीही भरपूर होते. एकमेकांना दिसणार नाहीत अशा दोन कोपऱ्यांत दोन ड्रिंकर ठेवल्यावर काळीला दोन्हीकडे पहारा करता येईना आणि करडी पोटभर पिऊ लागली. पुढे तीन आठवड्यांनी तिने पहिले अंडे घातले.

भांडे घासणे हा या व्यापातला सर्वांत नीरस आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. पाणी स्वच्छ दिसते, पण थाळीच्या तळाशी बोट फिरवले तर बुळबुळीत लागते. तो थर जंतूंनी स्वतःभोवती विणलेले आवरण असते. नुसत्या विसळण्याने तो निघत नाही. नारळाच्या काथ्याने जोर लावून घासावे, कानेकोपरे काढावेत, उन्हात वाळवावे. बोअरवेलच्या पाण्याने पांढरे खापर धरते. ते प्लास्टिकवर असेल तर सिरक्याने सुटते. अज्जींचा विश्वास राखेवर. त्या म्हणतात, “नोडम्मा, आधी तू त्यातले पाणी पिशील का ते बघ. तू पीत नसशील तर त्यांना देऊ नकोस.” पाणपात्रांवरच्या पुस्तकांत मला याहून नेमका नियम आढळलेला नाही.

स्वच्छतेची खरी परीक्षा लशीच्या दिवशी होते. परसातल्या कोंबड्यांचा मोठा शत्रू म्हणजे मानमोडी. शास्त्रात तिचे नाव राणीखेत. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ती हिमालयातल्या त्या गावी आढळली म्हणून. इंग्लंडात त्याच सुमारास ती न्यूकॅसलला दिसली, त्यामुळे जगात ती त्या नावाने चालते. कळपात शिरली तर दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे करते. लस पिल्लांच्या डोळ्यांत थेंब टाकून देतात. मोठ्या पक्ष्यांना पुढच्या मात्रा पिण्याच्या पाण्यातूनही देता येतात. ही लस जिवंत विषाणूची, म्हणजे फार नाजूक. नळाच्या पाण्यातला क्लोरीन तिला मारतो, भांड्यावर राहिलेला साबण मारतो, धातूही बाधतो. म्हणून त्या दिवशी भांडी साध्या पाण्याने घासायची, प्लास्टिकची वापरायची आणि पाण्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी आधी विरघळवायची. दुधातली प्रथिने क्लोरीनला अडकवून ठेवतात. तासभर आधी सगळी पाणपात्रे उचलून न्यावी लागतात, कारण पक्षी तहानलेले असले तरच ते लशीचे पाणी तासा-दोन तासांत संपवतील आणि प्रत्येकाच्या पोटात पुरेशी मात्रा जाईल. तो एक तास कठीण असतो. नऊच्या नऊ पक्षी रिकाम्या विटांभोवती फिरतात, विटांवर चोच मारून पाहतात, माझ्याकडे पाहतात. त्यांच्याच जिवासाठी त्यांना तहानलेले ठेवले आहे, हे त्यांना सांगण्याची सोय नसते.

२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरला तहानेचा अर्थ माणसांनाही कळला. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता, बोअरवेली आटल्या, टँकरचे भाव चढले. मार्चमध्ये पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यास, बागेला आणि बांधकामाला वापरण्यास बंदी केली. मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड. आमच्या गल्लीतही पाण्याची वेळ ठरली. त्या दिवसांत एका शेजाऱ्याने सरळ विचारले, माणसांना पुरत नाही, मग कोंबड्यांना कशाला? प्रश्न दुष्टपणाचा नव्हता. त्याच्या घरी लहान मूल होते आणि तीन दिवस टँकर आला नव्हता. मी त्याला आकडा सांगितला. नऊ पक्ष्यांना दिवसाला पाच लिटर. न्हाणीघरातली बादली पंधरा लिटरची असते. आकड्याने तो गप्प झाला, पण मी मात्र गप्प होऊ शकले नाही. पाच लिटर कमी आहेत म्हणून ते योग्य ठरतात का? आणि पन्नास लागले असते तर?

पुष्कळ विचार करून मी एका उत्तरापाशी आले. रानातला पक्षी आपले पाणी शोधतो. तळे आटले तर तो उडून दुसऱ्या तळ्यावर जातो. माझ्या कोंबड्यांना मी जाळी घातली. त्यांचे शोधणे मी थांबवले. ज्या घटकेला जाळीची कडी लावली त्या घटकेला त्यांची तहान माझ्या हिशेबात जमा झाली. ती माझ्या आणि माझ्या घरच्यांच्या वाट्यातूनच भागली पाहिजे, शेजाऱ्याच्या नव्हे. त्या उन्हाळ्यात आम्ही तांदळाचे धुवण दाण्यात कालवले, म्हणजे कोंबड्यांचे पिणे थोडे कमी झाले. ड्रिंकर विसळलेले पाणी कढीपत्त्याच्या मुळाशी गेले. आमची आंघोळ अर्ध्या बादलीवर आली. पक्ष्यांचे पाणी मात्र मोजले नाही.

उन्हाळ्यात रस्त्याकडेला रांजण भरून ठेवायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला जात न पुसता पाणी द्यायचे, याला आपण पाणपोई म्हणतो. कन्नडमध्ये त्याला ‘अरवट्टिगे’ असा सुंदर शब्द आहे. चिमण्यांसाठी, कावळ्यांसाठी छपरावर पाणी ठेवायची रीतही दोन्हीकडे सारखीच. माझ्या मनाला परसातले पाणी सगळ्या पाखरांसाठी खुले असावे, असेच वाटते. पण शास्त्र वेगळे सांगते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. भारतातला तो पहिला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि अनेक घरांचा संसार मोडला. ऑक्टोबर २०१२ मध्ये इथून फार दूर नसलेल्या हेसरघट्ट्याच्या सरकारी कुक्कुटक्षेत्रात तो दिसला. हा रोग रानपक्ष्यांच्या, विशेषतः पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि पाण्यातून कोंबड्यांत. हेब्बाळच्या तळ्यावर झोळीवाले पाणकोळी येतात, बदके येतात. त्यांच्या आणि माझ्या खुराड्याच्या मध्ये एक रस्ता आणि काही घरे एवढेच अंतर.

म्हणून मी दोन पाणपोया चालवते. कोंबड्यांची छपराखाली, जाळीच्या आत. पाखरांची घराच्या पुढच्या बाजूला, कठड्यावर, जुन्या परळात. दोन्हीकडचे पाणी रोज ओतून नवे भरते, कारण डेंग्यूचा डास घरगुती साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवड्या-दीड आठवड्यात पंख फुटून उडतो. दोन्ही भांड्यांसाठी घासणीही वेगळी आहे. औदार्याला अशी कुंपणे घालावी लागतात याचे प्रथम वाईट वाटले. आता तसे वाटत नाही. साळुंकी कठड्यावर पिते, कोंबडी छपराखाली पिते. तहान दोघींचीही भागते.

कोंबडीला पाणी ओढून घेता येत नाही. चोचीत घोट घ्यायचा, मान वर करायची आणि तो घशात उतरू द्यायचा. प्रत्येक घोटाला ती आकाशाकडे पाहून देवाला हात जोडते, असे अज्जी म्हणतात. मला एवढेच कळते, की त्या मान वर करण्यात तिची नजर क्षणभर दाण्यावरून, शत्रूवरून, जमिनीवरून हटते. म्हणून तिला निर्धास्तपणे पिता येईल अशी जागा लागते आणि ती जागा राखणारे कोणीतरी लागते.

परगावी जायचे झाले की ही गोष्ट फार जाणवते. दाणा आठ दिवसांचा भरून ठेवता येतो. पाणी तसे ठेवता येत नाही. शिळे होते, सांडते, तापते. कितीही मोठा ड्रिंकर आणला तरी रोज एक माणूस लागतोच. गेल्या दिवाळीत कोल्हापूरला निघताना मी परसाची किल्ली अज्जींकडे दिली. त्यांना वाकवत नाही, म्हणून त्यांची नात सकाळ-संध्याकाळ येत असे. परत आले तेव्हा ड्रिंकर भरलेले होते, काथ्या वळणीवर वाळत होता आणि करडीने बाहेर जास्वंदीखाली, स्वतःपुरती निवडलेल्या जागी, चार अंडी घातली होती. मुलीने ती उचलली नव्हती. तिला अंड्यांविषयी कोणी काही सांगितले नव्हते; सांगितले होते ते फक्त पाण्याविषयी.